तिलावा कोणी बुडवली?

प्रश्न: आमचे पणजोबा रत्नागिरीकडचे, तिलावा बोटीवर खलाशी होते, १९४२ला बोटीबरोबरच गेले. घरात सगळे म्हणतात जर्मन पाणबुडीने बुडवली. यावर लिहायचंय, पाणबुडीबद्दल पण. सुरुवात कुठून करू? आणि तिथे डायव्हिंग करता येतं का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर: डायव्हिंग विसरा, बोट अडीच किलोमीटर खोल आहे.

आणि पाणबुडी जर्मन नव्हे, जपानी होती, आय-२९. तिलावा २० नोव्हेंबरला मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली, बोटीवर ९५८ माणसं, २३च्या पहाटे सेशेल्सच्या ईशान्येला टॉर्पेडो लागला, लोक होड्यांत उतरले पण बोट काही लगेच बुडेना म्हणून काहीजण परत वर चढले, आणि मग दुसरा टॉर्पेडो आला. २८० गेले. बाकीच्यांना बर्मिंगहॅम ही ब्रिटिश क्रूझर आणि कार्थेज या दोघींनी उचललं.

सुरुवात पणजोबांच्या नावापासून करा, पाणबुडी नंतर. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या जवळपास ६,००० हिंदी व्यापारी खलाशांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनकडे आहेत, ऑनलाइन फुकट शोधता येतात, आणि त्या नावांचं पुस्तक आपल्या मुंबईतच इंडियन सेलर्स होममध्ये ठेवलेलं आहे. फक्त इंग्रजी स्पेलिंगवर भरवसा ठेवू नका, कारकुनाने कानाला जे ऐकू आलं ते लिहिलेलं असतं, त्यामुळे चार-पाच प्रकारे टाइप करून बघा. मग मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जुने पेपर चाळा. युद्धात बोटींच्या बातम्यांना सेन्सॉर होता, तेव्हा त्याच आठवड्यात काही सापडलं नाही तर पुढचे अंकही बघा.

लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांची लॉगबुकं आहेत, बर्मिंगहॅमचं तिथे मागवा. जपानी बाजूचे कागद त्यांच्या सरकारी डिजिटल संग्रहात मिळतात, पण जपानी आरमार कुठेही असलं तरी घड्याळ टोकियोचं लावायचं, म्हणजे पहाटे दोनचा हल्ला त्यांच्याकडे सकाळचा होतो! वेळा जुळेनात म्हणून घाबरू नका, आधी तास वजा करा.

आता चांदी. बोटीवर दक्षिण आफ्रिकेने घेतलेल्या चांदीच्या दोन हजारांवर लाद्या होत्या, २०१७ला एका कंपनीने वर काढल्या, भांडण ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०२४ला निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. तिलावावर जो तो हेच लिहितो, मला तरी २८० माणसांपुढे त्याचं अप्रूप वाटत नाही.

त्यापेक्षा हे बघा. जर्मन पाणबुडीतून आलेल्या नेताजींना एप्रिल १९४३मध्ये मादागास्करजवळ भर समुद्रात उचलणारी पाणबुडी हीच आय-२९, तिलावानंतर अवघ्या पाच महिन्यांत. बरेच लोक यातली एकच गोष्ट सांगतात, कोणाला पहिली अडचणीची वाटते, कोणाला दुसरी. तुम्ही दोन्ही घ्या, आणि जुलै १९४४ला फिलिपिन्सच्या लुझोन बेटाच्या उत्तरेला सॉफिश या अमेरिकन पाणबुडीने तिला बुडवलं तेही घ्या. लेख झाला की आमच्याकडेच पाठवा, चांदीचा परिच्छेद लांबला तर कापणार हे आत्ताच सांगून ठेवतो.