सर्व्हरच्या वाटेवर पहिली परीक्षा कोणती? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: बीएस्सी कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. सर्व्हर आणि व्हर्च्युअलायझेशनमध्ये (एका संगणकात अनेक आभासी संगणक चालवणं) काम करायचं आहे. कुणी व्हर्च्युअलायझेशनवाल्या व्हीएमवेअरची परीक्षा दे म्हणतं, कुणी मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर क्लाउडची, कुणी ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडची. हातात एकाच परीक्षेपुरते पैसे आहेत. कोणती करू?
(विद्यार्थी, राजारामपुरी)

उत्तर: एकच परवडणार असेल तर रेड हॅट या लिनक्स कंपनीची आरएचसीएसए, परीक्षेचा कोड ईएक्स-२००. तिच्या नावात व्हर्च्युअलायझेशन नाही आणि आताच्या अभ्यासक्रमातही त्याचा स्वतंत्र भाग नाही. तरीही आम्ही तीच सुचवतो. २००७ साली केव्हीएम (व्हर्च्युअल मशीन चालवणारा भाग) लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आलं आणि आज व्हर्च्युअल मशीन चालवणारं प्रॉक्समॉक्स, न्यूटॅनिक्सचं एएचव्ही, एडब्ल्यूएसचं नायट्रो हे सगळं त्याच्याच पायावर उभं आहे. व्हर्च्युअल मशीन बंद पडलं की शेवटी लॉग वाचावा लागतो, डिस्क तपासावी लागते, नेटवर्कचा ब्रिज बघावा लागतो. ही सगळी लिनक्सची कामं आहेत.

या परीक्षेत पर्याय निवडायचे प्रश्न नसतात. तीन तास समोर मशीन असतं आणि त्यावर कामं करून दाखवायची असतात. ३०० पैकी २१० गुण लागतात. इंटरनेट मिळत नाही, पण मशीनमधली मॅन पानं (आज्ञांची माहिती) उघडता येतात. बरीच मुलं इथे अभ्यास कमी पडला म्हणून नापास होत नाहीत. केलेलं काम रीबूटनंतर टिकत नाही, आणि तपासणी रीबूटनंतरच होते. सर्व्हिस सुरू केली पण एनेबल (रीबूटनंतर आपोआप सुरू होईल अशी) केली नाही, फायरवॉलचा नियम टाकला पण कायमचा केला नाही, की ते गुण गेले. एफएसटॅब फाइलमध्ये (बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) एक अक्षर चुकलं तर मशीन थेट इमर्जन्सी मोडमध्ये जातं, आणि ते चालूच झालं नाही तर त्यावरच्या बाकीच्या कामांचेही गुण बुडतात. म्हणून सरावात प्रत्येक कामानंतर रीबूट करा. एफएसटॅब बदलल्यावर रीबूटच्या आधी 'माउंट' आज्ञा सगळ्या नोंदींसाठी चालवून बघा. चूक असेल तर तिथेच कळते.

सरावाला पैसे लागत नाहीत. रेड हॅटच्या डेव्हलपर सदस्यत्वात १६ मशीनपर्यंत आरएचईएल (रेड हॅटचं लिनक्स) मोफत वापरता येतं. त्याच्याशी जुळणाऱ्या अल्मा किंवा रॉकी लिनक्सवर केलं तरी चालतं. रोज दोन तास असे तीन-चार महिने धरा. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ॲझ्युअरची एझेड-९०० आणि एडब्ल्यूएस क्लाउड प्रॅक्टिशनर या ओळखीच्या परीक्षा आहेत. एझेड-९०० ला १००० पैकी ७०० गुण लागतात आणि तिची मुदत संपत नाही. क्लाउड प्रॅक्टिशनरला ९० मिनिटांत ६५ प्रश्न, फी १०० डॉलर आणि वर १८ टक्के जीएसटी. दोन्हींत सेवांची नावं आणि बिलाची पद्धत विचारतात. व्हर्च्युअल मशीन का अडकलं ते विचारत नाहीत. सर्व्हरच्या कामासाठी मुलाखत घेणारा त्यांना फार किंमत देत नाही. आरएचसीएसएनंतर ॲझ्युअरकडे जायचं असेल तर ९०० मध्ये न थांबता एझेड-१०४ करा. तिचं नूतनीकरण दर वर्षी असतं, पण ते ऑनलाइन आणि मोफत होतं.

व्हीएमवेअरचं थोडं वेगळं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने कंपनी घेतली. त्यानंतर विक्रीची पद्धत बदलली, तशी परीक्षांची नावं आणि यादीही बदलत गेली. जुन्या ब्लॉगवरची माहिती वाचून पैसे भरू नका. कोणत्याही परीक्षेचं पान उघडून ती कधी बंद होणार आहे ते आधी बघा. चार महिने अभ्यास करून परीक्षाच बंद झालेली दिसणं फार वाईट. पुण्यात मोठ्या डेटा सेंटरवरच जायचं ठरलं असेल तर व्हीएमवेअर आजही कामाचं आहे, पण ते दुसऱ्या पायरीवर.

प्रश्न: माझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे, विंडोज ११ होम. व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हर्च्युअल मशीन इतकं सावकाश चालतं की सराव नको वाटतो. खाली कोपऱ्यात हिरवं कासव दिसतं. नवा लॅपटॉप घ्यावा लागेल का?
(इचलकरंजी)

उत्तर: कासव दिसतंय म्हणजे दुखणं रॅमचं नाही, निदान सगळं तरी नाही. विंडोजचा स्वतःचा हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर, हायपर-व्ही) आधीच प्रोसेसरच्या व्हर्च्युअलायझेशनवर बसलेला आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतंय. होम आवृत्तीत हायपर-व्हीचा मॅनेजर मिळत नाही म्हणून ते नसेलच असं बरेच जण धरून चालतात. पण त्याचा गाभा तिथेही चालू होऊ शकतो.

'विंडोज फीचर्स' उघडा आणि 'व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म' व 'विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म' यांच्या खुणा काढून टाका. मग विंडोज सिक्युरिटीत 'कोअर आयसोलेशन'मधलं 'मेमरी इंटिग्रिटी' बंद करा आणि रीस्टार्ट करा. कासवाच्या जागी 'व्ही'चं चिन्ह आलं की झालं. यात दोन तोटे आहेत: डब्ल्यूएसएल-२ (विंडोजमधलं लिनक्स) चालणार नाही आणि सुरक्षेचा एक थर कमी होईल. बँकेची कामं याच लॅपटॉपवर होत असतील तर सराव संपल्यावर मेमरी इंटिग्रिटी परत चालू करा.

व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीत फक्त ३२ बिटचीच मशीन दिसत असतील तर मात्र बायोस बघा. इंटेलवर 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी', एएमडीवर 'एसव्हीएम मोड' चालू हवं. चालू आहे की नाही हे टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर टिचकी मारली की दिसतं.

८ जीबीत आरएचसीएसएचा सराव होतो. डेस्कटॉप न टाकता फक्त टेक्स्टवर चालणारी दोन लिनक्स मशीन करा, प्रत्येकी दीड जीबी रॅम आणि २० जीबी डिस्क. ब्राउझर बंद ठेवा. ८ जीबीत जमत नाही ते व्हीएमवेअरचं. त्यांच्या हायपरव्हायझरला, म्हणजे ईएसएक्सआय ८ ला, स्वतःलाच ८ जीबी लागते आणि असे सर्व्हर सांभाळणाऱ्या व्हीसेंटरच्या सगळ्यात लहान मापालाही १४ जीबी. म्हणून त्यासाठी ३२ जीबीच्या खाली विचार करू नका.

पैसे घालायचेच असतील तर लॅपटॉपऐवजी ऑफिसमधून निघालेला जुना डेस्कटॉप घ्या: आठव्या पिढीचा आय-५, ३२ जीबी रॅम, ५०० जीबीची एसएसडी. घेताना नेटवर्क चिप बघा. रिअलटेक असेल तर प्रॉक्समॉक्स सहसा चालतं. ईएसएक्सआय मात्र सहसा नेटवर्क कार्डच सापडत नाही म्हणून इन्स्टॉलच होत नाही. तेव्हा इंटेलचं वेगळं कार्ड लावावं लागतं.

त्या डेस्कटॉपवर एक प्रयोग जरूर करा. प्रॉक्समॉक्समध्ये १० जीबीच्या लहान स्टोरेजवर २० जीबीची थिन डिस्क (लिहू तेवढीच जागा घेणारी) बनवा. ती बनते, कुणी अडवत नाही. मग आतून फाइल लिहीत राहा. दहाच्या आसपास मशीन गोठतं आणि नावावर पिवळा त्रिकोण येतो, 'आयओ-एरर'. आतल्या मशीनला डिस्क अजून निम्मी रिकामी दिसत असते. थिन प्रोव्हिजनिंग म्हणजे काय हे यानंतर कुणी विचारलं तर पाठ केलेली व्याख्या सांगावी लागणार नाही. स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची स्थिती) घेऊन तो तसाच ठेवला तरी जागा अशीच नकळत भरत जाते.

प्रश्न: आमच्या फाउंड्रीत दोन सर्व्हर आहेत, ईएसएक्सआय ७ वर, जुन्या कायमच्या लायसन्सने. ईआरपी, टॅली आणि हजेरीचं मशीन त्यावरच. मालक म्हणतात, नवं लायसन्स नको, प्रॉक्समॉक्सवर न्या. मी एकटाच आयटी बघतो. व्हीएमवेअरची परीक्षा द्यायचं ठरवलं होतं, आता त्याचा उपयोग आहे का? आणि हलवताना काय सांभाळू?
(गोकुळ शिरगाव एमआयडीसी)

उत्तर: तुमच्या मालकांचं म्हणणं बरोबर आहे. कायमच्या लायसन्सची विक्री डिसेंबर २०२३ मध्येच थांबली. ईएसएक्सआय ७ चा सर्वसाधारण सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवं लायसन्स कोअरवर मोजतात आणि एका प्रोसेसरला कमीत कमी १६ कोअर धरतात. तुमच्या सर्व्हरमध्ये आठ कोअरचा प्रोसेसर असेल तरी पैसे सोळाचे. दोन सर्व्हरच्या कारखान्याला हे जड जातं.

याच कारखान्यात राहायचं असेल तर व्हीएमवेअरची परीक्षा आता देऊ नका. तो वेळ लिनक्सला द्या. हलवण्याचं हे काम नीट पार पडलं तर पुढच्या मुलाखतीत सांगायला तेच कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा वजनदार आहे.

प्रॉक्समॉक्स ८.२ पासून ईएसएक्सआयमधून थेट आयात करायची सोय आहे. ईएसएक्सआयला स्टोरेज म्हणून जोडायचं, मशीन निवडायचं, 'इम्पोर्ट' दाबायचं. दाबण्यापूर्वीची कामं मात्र जास्त महत्त्वाची. पूर्ण बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून चालतो का ते बघा. सगळे स्नॅपशॉट डिलीट करा. आयपी, सबनेट, गेटवे, डीएनएस आणि मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) कागदावर लिहून घ्या. व्हीएमवेअर टूल्स जुन्या जागी असतानाच काढा. नंतर ते काढायला त्रास देतात. मूळ मशीन बायोसवर चालतं की यूईएफआयवर ते बघून इकडेही तेच ठेवा, नाहीतर बूट होणार नाही. बिटलॉकर असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशी हवी.

विंडोज सर्व्हर पहिल्यांदा सुरू करताना डिस्क साटा म्हणूनच जोडा. थेट व्हर्टआयओवर (व्हर्च्युअल मशीनसाठीची वेगवान पद्धत) टाकली तर आत ड्रायव्हर नसतो आणि निळ्या पडद्यावर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' येतं. साटावर सुरू झालं की १ जीबीची एक रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडा, ड्रायव्हरच्या आयएसओमधून ड्रायव्हर टाका, ती डिस्क विंडोजला दिसते का बघा. मग बंद करून मुख्य डिस्क व्हर्टआयओवर न्या आणि बूट ऑर्डरमध्ये तिची खूण करा. हे शेवटचं विसरलं की मशीन डिस्क सोडून नेटवर्कवरून बूट व्हायला बघतं.

नेटवर्क कार्ड बदलल्यामुळे जुना आयपी जाईल, तो हाताने परत द्यावा लागेल. ईआरपीचं लायसन्स मॅक ॲड्रेसवर बांधलेलं असेल तर जुनाच मॅक नव्या कार्डाला द्या. लायसन्सचं यूएसबी डोंगल असेल तर ते ज्या सर्व्हरला लावलंय त्याच सर्व्हरवर ते मशीन ठेवावं लागतं.

दोन सर्व्हर आहेत म्हणून लगेच क्लस्टर (सर्व्हरचा जोडलेला गट) करू नका. दोघांच्या क्लस्टरमध्ये मतं दोन आणि बहुमतालाही दोनच लागतात. एक सर्व्हर बंद पडला की उरलेल्यावर आधीपासून चालू असलेली मशीन चालत राहतात, पण बंद झालेलं सुरू करता येत नाही आणि सेटिंग बदलता येत नाही. क्लस्टर हवाच असेल तर तिसऱ्या मतासाठी लहानशा लिनक्स मशीनवर क्यूडिव्हाइस ठेवा. तुमच्या पसाऱ्याला आम्ही दोन सुटे सर्व्हर आणि रोज रात्री एकमेकांकडे बॅकअप, इतकंच सुचवू. वीज गेल्यावर मध्यरात्री एकट्याने सांभाळायला तेच सोपं.

आणि प्रॉक्समॉक्स इन्स्टॉल झाल्यावर अपडेट करताना ४०१ ची चूक आली तर घाबरू नका. पैसे भरणाऱ्यांसाठीची रिपॉझिटरी (अपडेटचा साठा) मुळातच जोडलेली असते. ती बंद करून 'नो-सबस्क्रिप्शन' रिपॉझिटरी चालू केली की अपडेट येतात.

प्रश्न: मुलगा डिप्लोमा झालाय. एका क्लासने क्लाउड आणि व्हर्च्युअलायझेशनचा कोर्स सांगितलाय, परीक्षा 'शंभर टक्के पास' आणि नोकरीची हमी. भरू का पैसे?
(पालक, गडहिंग्लज)

उत्तर: पास होण्याची हमी कुणी देत असेल तर तिथे बहुतेक वेळा चोरलेल्या प्रश्नांची पीडीएफ पाठ करून घेतात. ते परीक्षेच्या करारात बसत नाही. सापडलं तर निकाल रद्द होतो आणि पुढच्या परीक्षांवर बंदी येते. नाही सापडलं तरी मुलाखतीत 'मशीन सावकाश चालतंय, आधी काय बघशील?' या एका प्रश्नावर मुलगा अडतो.

क्लासला तीन गोष्टी विचारा. मुलाला स्वतःचा सर्व्हर किती तास हाताळायला मिळेल? परीक्षेची फी कोर्सच्या पैशात धरली आहे का, आणि कोणत्या परीक्षेची? मधेच सोडलं तर किती पैसे परत, हे लिहून देणार का? पहिल्या प्रश्नाला 'व्हिडिओ देतो' असं उत्तर आलं तर पैसे भरू नका. त्याच पैशात वर सांगितलेला जुना डेस्कटॉप घेऊन द्या.

प्रश्न: घरून ऑनलाइन परीक्षा दिली तर चालते का? आमच्याकडे वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नाही.
(कागल)

उत्तर: केंद्र गाठता येत असेल तर केंद्रावरच द्या. घरून द्यायची झाली तर इन्व्हर्टरवर फक्त लॅपटॉप नाही, राउटरही हवा; दिवे गेले की बहुतेकांचा राउटरच आधी बंद पडतो. खोलीत एकटंच बसायचं, टेबल रिकामं, एकच स्क्रीन, मोबाइल हाताच्या अंतरावर नाही. परीक्षा चालू असताना आई चहा घेऊन आली तरी परीक्षा थांबवली जाऊ शकते, तेव्हा घरच्यांना आधी सांगून ठेवा. अर्धा तास आधी लॉगइन करा. सिस्टिम टेस्ट आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच वेळी, त्याच नेटवर करून बघा. रेड हॅटची घरून परीक्षा आणखी वेगळी आहे: मशीन त्यांची सिस्टिम टाकून आपणच बनवलेल्या यूएसबीवरून बूट करावं लागतं आणि बाहेरून जोडायचा वेबकॅम लागतो.

आपल्याकडे सर्वात जास्त अडचण नावाची होते. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, ओळखपत्रावर शेवटी, मध्ये वडिलांचं नाव कुठे पूर्ण तर कुठे नुसतं आद्याक्षर. खातं उघडताना परीक्षेला जे ओळखपत्र दाखवणार तेच समोर ठेवा आणि त्यावरची स्पेलिंग अक्षर-अक्षर तशीच भरा. नाव जुळलं नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत आणि फी परत मिळत नाही. खात्यातलं नाव बदलायला काही दिवस लागतात, म्हणून तारीख घेण्याआधीच हे तपासा.