गणपतीपर्यंत थांबू नका, ताई

मालवण तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. सासरे गेल्यावर गावचं घर विकायला काढलं, एजंटला बोलावून दाखवलं. त्याने मोबाइल हातात धरून घरभर फिरत व्हिडिओ काढला आणि सगळ्यांना दिसेल असा टाकला. त्यात तो पाच गोष्टी बोलला. सातबाऱ्यावर अजून म्हाताऱ्याचंच नाव आहे. नऊ हिस्सेदारांपैकी दोघे सही देत नाहीत. बाव, म्हणजे विहीर, एप्रिलात आटते. मागच्या पडवीच्या वाशांना वाळवी लागली आहे. आणि शेवटी, "सीआरझेडची नोटीस लागलेली आहे, घरवाले लपवून विकतायत." सीआरझेड म्हणजे समुद्रकाठच्या बांधकामांवरचे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम. पुण्याचं गिऱ्हाईक परत फिरलं. ताई लिहितात, "गणपतीत सगळे मुंबईकर येतील, तेव्हा बसून दावा लावायचं ठरवू."

याच धर्तीची पत्रं दापोली, गुहागर, अलिबागकडूनही येतात. एजंट घराबद्दल चारचौघांत बोलला, भाव पडला, आता त्याला कोर्टात खेचायचं आहे. बदनामी म्हणजे काय, हे इथे पुन्हा सांगत बसत नाही. ताई, तुमच्या प्रकरणात सगळं तारखेवर येऊन थांबतं.

व्हिडिओ तुम्ही म्हणता त्याप्रमाणे 2025 च्या राखी पौर्णिमेला, म्हणजे 9 ऑगस्टला टाकला गेला. लेखी किंवा अशा टिकून राहणाऱ्या बदनामीच्या भरपाईचा दिवाणी दावा प्रसिद्धीपासून एक वर्षात लावावा लागतो; मुदत कायदा 1963, अनुच्छेद 75. हे वर्ष इंग्रजी कॅलेंडरचं. यंदा अधिक ज्येष्ठ येऊन गेल्यामुळे राखी पौर्णिमा 28 ऑगस्टला आहे आणि गणपती 14 सप्टेंबरला. तुमची मुदत मात्र 9 ऑगस्ट 2026 ला संपते. तो रविवार आहे, म्हणून फार तर सोमवारी 10 तारखेला दावा दाखल करता येईल. त्यानंतर नाही. उशीर माफ करण्याचा अर्ज अपिलात चालतो, दाव्यात चालत नाही. मुदत कायद्याचं कलम 5 दाव्यांना लागूच नाही.

तुम्ही जानेवारीत वकिलाची नोटीस पाठवली आणि निर्धास्त झालात. अशा नोटिशीने मुदत एक दिवसही थांबत नाही. पोलीस ठाण्यात अदखलपात्र नोंद झाली, तिनेही नाही. 'तो व्हिडिओ अजून फिरतोय, म्हणजे रोज नवी बदनामी' हा युक्तिवाद मी ऐकला आहे, पण त्यावर विसंबू नका. इंटरनेटवरच्या मजकुराची मुदत पहिल्यांदा टाकला त्या दिवसापासून मोजायची, अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 मध्ये घेतली आहे. आपलं कोर्ट वेगळं ठरवेलही, पण त्या आशेवर महिना घालवायचा नाही. दावा सुरू झाला की तारखांवर तारखा पडतील आणि वर्षं जातील, याचा मला तुमच्याइतकाच संताप आहे. पण कोर्टाला कितीही वेळ लागला तरी तुम्हाला एक दिवसही जास्त मिळत नाही.

मुंबईकरांची वाट पाहण्याचं कारणही मला पटत नाही. घर नऊ जणांचं असेल, बदनामी तुमची आणि तुमच्या यजमानांची झाली आहे. घर तुम्हीच दाखवलंत, 'घरवाले' म्हणजे तुम्हीच हे गावात सगळ्यांना कळतं. या दाव्याला हिस्सेदारांच्या सह्या लागत नाहीत.

आता पाच वाक्यांपैकी चार विसरून जा. ती खरी आहेत, हे तुम्हीच पत्रात मान्य केलं आहे, आणि दिवाणी दाव्यात खरेपणा हा पुरता बचाव असतो. शिवाय वाळवी आणि बाव यांवरून घराला नावं ठेवली गेली, तुमच्या चारित्र्याला नाही. सातबारा तर कोणीही मोबाइलवर पाहू शकतो. सासरे जाऊन इतकी वर्षं झाली. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं, असं जमीन महसूल संहितेचं कलम 149 सांगतं. वारसनोंद केली असती तर एजंटला ते वाक्य बोलताच आलं नसतं. आणि खरं सांगू, पुण्याच्या माणसाला हे आधी कळलं ते बरंच झालं. सामाईक घरातला एखाद-दुसरा हिस्सा बाहेरच्याने घेतला, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 प्रमाणे त्याला घरात सामाईक ताबा मागता येत नाही. कोकणात कितीतरी खरेदीदार हे न कळता पैसे गुंतवून बसले आहेत. दोष उघड सांगणारा एजंट मला हवासा वाटतो, आणि त्याच्यावर तेवढ्यासाठी कोणी दावा लावू नये.

पाचवं वाक्य वेगळं. नोटीस लागली की नाही, याला पुरावा असतो. 'कधीही पाडतील' म्हटलं असतं तर तो अंदाज ठरला असता. 'नोटीस लागलेली आहे' ही वस्तुस्थिती म्हणून सांगितली आहे, आणि 'लपवून विकतायत' म्हणजे तुम्हाला लबाड म्हटलं आहे. तुमच्या म्हणण्याप्रमाणे घर सत्तरच्या दशकातलं आहे आणि तेव्हापासूनची घरपट्टी भरलेली आहे. सीआरझेडची पहिली अधिसूचना 19 फेब्रुवारी 1991 ची. त्याआधीचं अधिकृत घर रेषेच्या आत आलं म्हणून बेकायदा होत नाही. तुमचं घर नेमकं कुठल्या पट्ट्यात येतं ते नकाशा पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही, पण दाव्यासाठी ते लागतही नाही. दावा या एका वाक्यावरच लावा. पाचही वाक्यं घातलीत तर समोरचा वकील चार खरी ठरवेल आणि पाचवंही त्यांच्याबरोबर वाहून जाईल.

तहसील कार्यालय आणि ग्रामपंचायत, दोन्हीकडे माहिती अधिकारात विचारा: या घराला आजवर कुठली नोटीस बजावली आहे का? उत्तराला तीस दिवस लागू शकतात. उत्तर नंतर जोडता येईल, त्यासाठी दावा अडवू नका. व्हिडिओ आजच उतरवून घ्या, टाकल्याची तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, आणि त्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र तयार करून घ्या. व्हिडिओ काढून टाकला तर तुमच्या हातात काही उरणार नाही.

तोच एजंट दिवाळीनंतर निम्म्या भावात आपल्या भाच्यासाठी मागणी घेऊन आला, हे तुम्ही पत्राच्या शेवटी, ताजा कलम म्हणून लिहिलं आहे. ते दाव्यात वर यायला हवं. हेतू वाईट होता हे दाखवणारं त्याहून मोठं काही तुमच्याकडे नाही. तो मेसेज आणि पुण्याच्या गिऱ्हाईकाचा नकाराचा मेसेज, दोन्ही जपा. किती भरपाई मिळेल, याचा आकडा मी देणार नाही. ते गिऱ्हाईक साक्षीला येईल का, यावर बरंच अवलंबून आहे.

फौजदारीचं विचारलंत. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली मॅजिस्ट्रेटपुढे खासगी तक्रार करता येते, तिला तीन वर्षं आहेत. पण त्यातून घराचा पडलेला भाव परत येत नाही. महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, इथे उपयोग नाही. एजंटांवरचे ते नियम बिल्डरच्या प्रकल्पांसाठी आहेत, वडिलोपार्जित घराच्या विक्रीला ते लागत नाहीत.

गणपतीत मुंबईकर आले की वारसनोंदीला बसा, आणि आत्यांची नावं वगळायचा विचार कोणी काढला तर तिथेच थांबवा. दाव्याचे कागद मात्र याच आठवड्यात वकिलाकडे द्या.