बॅकअप रोज हिरवा, मग रिस्टोर का अडतोय? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बॅकअपवर दोन ओळी काय लिहिल्या, मेलबॉक्स भरून गेला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यातले पाच घेतलेत. पहिल्याला जास्त जागा गेलीय, कारण त्यात जे झालंय ते मी निदान पाच-सहा ठिकाणी बघितलंय आणि दरवेळी बिचारा ऑपरेटर स्वतःलाच दोष देत बसलेला असतो.

प्रश्न : सर, मी एका सहकारी साखर कारखान्यात ईडीपीला (संगणक विभागात) आहे. काटा, शेतकी, अकाउंट्स सगळ्याचा डेटा एकाच एसक्यूएल सर्व्हरवर (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर). रविवारी रात्री फुल बॅकअप, बाकीचे दिवस रात्री डिफरेन्शियल, आणि दर अर्ध्या तासाला लॉग बॅकअप (मधल्या काळात झालेल्या नोंदींचा). तीन वर्षं झाली, रोज सकाळी मेल येतो, सगळं हिरवं. हंगाम संपल्यावर सहज म्हणून टेस्ट मशीनवर गुरुवारचा डेटा उभा करायला गेलो तर रविवारची फुल बसली पण डिफरेन्शियल लावली की ३१३६ नंबरचा एरर, म्हणे डेटाबेस योग्य आधीच्या स्थितीत नाही. फाइली खराब झाल्यात का? व्हेंडर म्हणतोय विंडोज परत टाकू. (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : विंडोजला हात लावू देऊ नका. फाइली बहुतेक धडधाकट आहेत. मला आधी एक सांगा, गेल्या वर्ष-दोन वर्षांत तुमचा सर्व्हर व्हर्च्युअल मशीनवर (मोठ्या मशीनच्या पोटात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या मशीनवर) गेला का, आणि त्या अख्ख्या मशीनचा बॅकअप घेणारं दुसरं सॉफ्टवेअर कोणी लावलं का? माझी शंभर रुपयांची पैज, लावलंय.

काय होतं बघा. डिफरेन्शियल म्हणजे "शेवटच्या फुलपासून जे बदललं ते". पण शेवटची फुल कुठली हे तुमचं वेळापत्रक ठरवत नाही, एसक्यूएल सर्व्हर ठरवतो. मशीनचा बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर रात्री येतं, व्हीएसएस या विंडोजमधल्या सोयीमार्फत डेटाबेसला "जरा थांब" म्हणतं, स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणाची प्रत घेतं आणि जातं. त्याच्या सेटिंगमध्ये कॉपी-ओन्ली (नुसती प्रत, हिशेबात धरू नको) निवडलेलं नसेल तर एसक्यूएल सर्व्हर त्याचीच फुल बॅकअप म्हणून नोंद करतो. म्हणजे सोमवारी मध्यरात्री कोणीतरी दुसऱ्याच वहीत हिशेब बंद केला, आणि तुमची मंगळवारची डिफरेन्शियल "मागील पानावरून पुढे" लिहितेय ते त्या दुसऱ्या वहीतल्या पानावरून. तुम्ही तिला रविवारच्या वहीला चिकटवायला गेलात, ती चिकटणार कशी.

खात्री करायची तर एमएसडीबी डेटाबेसमध्ये बॅकअपसेट नावाचं टेबल आहे, त्यात बघा. तुम्ही कधीच न घेतलेल्या फुल बॅकअपच्या ओळी सापडतील, त्यांच्यापुढे स्नॅपशॉटच्या कॉलममध्ये १ असेल. डिफरेन्शियलच्या ओळीत तिची बेस कुठली त्याचा लांबलचक आयडी असतो, तो कुणाशी जुळतो ते बघितलं की चोर हाती लागतो.

आता चांगली बातमी. मध्ये घुसलेल्या फुल बॅकअपने डिफरेन्शियलचा बेस बदलतो, पण लॉगची साखळी तुटत नाही. म्हणजे डिफरेन्शियल सगळ्या बाजूला ठेवा, रविवारची फुल नोरिकव्हरीत (पुढचे लॉग लावता येतील अशा अर्धवट अवस्थेत) बसवा आणि तिथून गुरुवारपर्यंतचे लॉग एकामागून एक ओळीने लावा. अर्ध्या तासाला एक म्हणजे दिवसाला ४८, चार दिवसांचे दोनशेच्या आसपास होतील, हाताने करू नका, त्याच बॅकअपसेट टेबलातून स्क्रिप्ट बनवून घ्या. फक्त मध्येच कुठे ४३०५ नंबरचा एरर आला, म्हणजे हा लॉग फारच पुढचा आहे असं तो म्हणाला, तर समजा की ते दुसरं सॉफ्टवेअर लॉगसुद्धा स्वतःच उचलतंय आणि मधला तुकडा त्याच्या साठ्यात पडलाय. तो तिथून काढावा लागेल.

पुढे असं होऊ नये म्हणून एका डेटाबेसला मालक एकच ठेवा. एकतर मशीनवाल्या सॉफ्टवेअरला त्या सर्व्हरपुरतं कॉपी-ओन्ली करा आणि लॉगला हात लावू नको म्हणून सांगा, नाहीतर सगळंच त्याच्याकडे द्या आणि जुने जॉब बंद करा. दोन स्वयंपाकी एका पातेल्यात मीठ टाकतायत तोवर हे चालूच राहणार.

आणि त्या हिरव्या मेलचं. तो मेल फक्त "फाइल लिहिली" एवढंच सांगतो. व्हेरिफाय-ओन्ली केलं तरी फाइल वाचता येते इतपतच कळतं, आतला डेटा उभा राहील का ते नाही. तुम्ही टेस्ट मशीनवर जे "सहज म्हणून" केलंत तेच दर आठवड्याला आपोआप होईल असं लावा, वर चेकडीबी ही डेटाबेसची तपासणी चालवा, आणि शेवटी एक साधा प्रश्न विचारा : काल रात्री काट्यावर सुटलेल्या शेवटच्या पावतीचा नंबर या उभ्या केलेल्या डेटाबेसमध्ये दिसतोय का? तो नंबर मेलमध्ये येऊ दे. तो वाचायला ईडीपीचा माणूस लागत नाही, काट्यावरचा क्लार्कही सांगेल बरोबर की चूक. डेटाबेस टीडीई या एसक्यूएल सर्व्हरच्या सोयीने एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केला असेल तर सर्टिफिकेट आणि त्याची प्रायव्हेट की वेगळी जपलीय ना तेही बघा, ती नसेल तर फाइल शाबूत असूनही दुसऱ्या मशीनवर उघडणार नाही.

मनाला लावून घेऊ नका हो. प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅबसारख्या कंपनीचं ३१ जानेवारी २०१७ ला काय झालं ते त्यांनी स्वतःच सगळ्या जगाला सांगितलं. रात्री थकलेल्या इंजिनियरने चुकून चालू डेटाबेसची डिरेक्टरी उडवली, ३०० जीबीतले साडेचार जीबी शिल्लक असताना लक्षात आलं. बॅकअप बघायला गेले तर क्लाउडवरची जागा रिकामी, कारण डेटाबेस पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरच्या ९.६ वर आणि बॅकअप घेणारा टूल ९.२ चा, तो रोज फेल होत होता. फेल झाल्याचे मेल जात होते, पण डीएमएआरसी या, मेल खऱ्या पत्त्यावरून आलाय का बघणाऱ्या तपासणीत ते नाकारले जात होते, त्यामुळे कुणाला दिसलेच नाहीत! वाचले ते एका स्नॅपशॉटवर, जो त्याच इंजिनियरने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतला होता. बॅकअपचा म्हणून जो बंदोबस्त केला होता त्यातला एकही कामाला आला नाही.

प्रश्न : नॅसमध्ये (नेटवर्कवरच्या डिस्क साठ्यात) रेड ५ आहे, वेगळा बॅकअप लागतो का? (पनवेल)

उत्तर : लागतो. रेड म्हणजे अनेक डिस्कची जोडणी, त्यातली एखादी डिस्क मेल्यावर तो काम चालू ठेवतो. तुम्ही फोल्डर डिलीट केलंत तर तो इमानाने सगळ्या डिस्कवरून डिलीट करतो.

प्रश्न : आमच्या हॉस्पिटलचा एक्स-रे, सीटी, स्कॅन केलेले केसपेपर मिळून १२ टीबी डेटा आहे. शनिवारी रात्री फुल बॅकअप लावते तो सोमवारी ओपीडी सुरू झाली तरी चालूच असतो आणि रजिस्ट्रेशनचं सॉफ्टवेअर रांगतं. वरच्यांना सांगितलं तर त्यांनी एलटीओ ८ चा टेप ड्राइव्ह घेऊन दिला, एकदम फास्ट म्हणून. त्यावर तर आणखी हळू चालतंय आणि ड्राइव्हमधून सारखा पुढे-मागे घरघर आवाज येतो. ड्राइव्ह खराब आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ताई, ड्राइव्ह चांगला आहे, त्याला उपाशी ठेवलंय. एलटीओ ८ ला सेकंदाला ३६० एमबी गिळायची सवय. तुमचं नेटवर्क एक गिगाबिटचं असणार, त्यातून खरेखुरे ११० एमबीच्या आसपास येतात. डेटा संपला की टेप थांबते, थोडी मागे येते, परत पळते. बूट पॉलिश करताना ब्रश पुढे-मागे चालतो तसं, म्हणून या प्रकाराला शू-शायनिंगच म्हणतात. टेपही झिजते आणि हेडही.

जरा कागद घेऊ. १२ टीबी भागिले ११० एमबी, म्हणजे तीस तासांच्या वर. शनिवारी रात्री दहाला सुरू केलं तर अगदी सगळं सुरळीत चाललं तरी सोमवारची पहाट होते. ड्राइव्ह कितीही भारी आणा, पाइप तोच आहे. त्यात तुमच्याकडे लाखो बारक्या फाइली, प्रत्येक फाइल उघडायची, नोंद करायची, बंद करायची, त्यात अँटिव्हायरस प्रत्येकीची झडती घेतो, त्यामुळे ११० सुद्धा मिळत नसतील.

माझा क्रम असा राहील. आधी अँटिव्हायरसमध्ये बॅकअपच्या प्रोसेसला सूट द्या, फुकटचं काम आहे. मग फाइल-फाइल करून घेण्याऐवजी व्हॉल्यूमची इमेज घ्या आणि रोज फक्त बदललेले ब्लॉक उचला, कारण जुना एक्स-रे काही बदलत नाही, दिवसाला खरा बदल थोडकाच असतो. दर आठवड्याची फुल सर्व्हरकडून परत ओढायची गरजच नाही, बॅकअप साठ्यातल्या जुन्या फुलमध्ये रोजचे बदल मिसळून तिथल्या तिथे नवी फुल बनते, तिला सिंथेटिक फुल म्हणतात. टेपवर जायचं ते या डिस्कच्या साठ्यावरून, साठ्याच्या डिस्क दमदार असल्या आणि ड्राइव्ह त्याच मशीनला थेट जोडला की त्याचं पोट भरतं आणि आवाज थांबतो.

आणि एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. जायला तीस तास लागतात त्या वाटेने डेटा परत यायलाही तेवढेच लागणार. सर्व्हर सोमवारी सकाळी गेला तर मंगळवारी दुपारनंतर उभा राहील हे वरच्यांना माहितीय का? दहा गिगाबिटच्या स्विचचा प्रस्ताव पाठवताना हेच वाक्य वर लिहा, बॅकअप हळू चालतो हे लिहू नका, त्यावर कुणी सही करत नाही.

प्रश्न : नागरी सहकारी बँकेत आयटीला आहे. रॅन्समवेअरच्या बातम्या वाचून संचालक मंडळाने ठराव केला, "एकही एंट्री जाता कामा नये आणि सिस्टिम तात्काळ सुरू झाली पाहिजे." बजेट मात्र मागच्या वर्षीचंच. डिझाइन कसं करू? (नाशिक)

उत्तर : ठराव छान आहे. संचालकांपुढे आरपीओ, आरटीओ हे शब्द काढूच नका. विचारा, सिस्टिम गेली तर शाखांमध्ये किती तासांची व्हाउचर परत हाताने टाकता येतील? तो झाला आरपीओ. आणि काउंटरबाहेर खातेदार किती वेळ ऐकून घेतील? तो आरटीओ. सीबीएसला (बँकेच्या मुख्य सॉफ्टवेअरला) पंधरा मिनिटं, मेलला चार तास, एचआरच्या फोल्डरला एक दिवस, असं प्रत्येक सिस्टिमपुढे लिहून किंमत शेजारी टाका. "एकही एंट्री नाही"ची किंमत बघितली की मंडळ स्वतःच खाली येतं, माझा अनुभव आहे.

रॅन्समवेअरसाठी मात्र वेगळा विचार लागतो. डीआर साइटला (संकटात वापरायच्या दुसऱ्या ठिकाणी) डेटा रेप्लिकेट म्हणजे सतत कॉपी होतोय म्हणून निवांत राहू नका, इकडे एन्क्रिप्ट झालं की तिकडेही काही सेकंदांत तेच पोचतं. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचं असंच काहीसं केलं, आपल्या जेएनपीटीमधलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही तेव्हा अडकलं होतं. त्यांचे दीडशेच्या आसपास डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची लॉगिन सांभाळणारे सर्व्हर) एकमेकांची कॉपी ठेवत होते आणि ते एकदमच गेले. एकच वाचला, घानामधला, कारण तिथे नेमकी वीज गेली होती आणि तो नेटवर्कवर नव्हता! आपल्याकडे लोडशेडिंगला एवढ्या शिव्या पडतात, तिथे त्यानेच कंपनी वाचवली.

तर तुमच्याकडे एक कॉपी अशी हवी की जिला अ‍ॅडमिनचा पासवर्ड हाती लागलेला माणूसही हात लावू शकणार नाही. टेप काढून लॉकरमध्ये, किंवा ऑब्जेक्ट लॉक (ठरलेल्या मुदतीपर्यंत पुसू न देणारं कुलूप) असलेला साठा, तोही कंप्लायन्स मोडमध्ये, कारण गव्हर्नन्स मोडमध्ये विशेष परवानगीवाला ते कुलूप उघडू शकतो. बॅकअप सर्व्हर डोमेनमध्ये ठेवू नका, त्याचे पासवर्ड वेगळे, लॉगिन दोन टप्प्यांचं. ती कॉपी दुसऱ्या इमारतीत असू द्या. मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबूर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर जळलं तेव्हा काही गिऱ्हाइकांचा बॅकअपही त्याच आगीत गेला. घटना घडलीच तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवायचं असतं, तो फोन नंबर आणि रिस्टोरची पायरी-पायरीची यादी छापून ठेवा, सर्व्हरवरच्या पीडीएफमध्ये नको. आता हसाल, पण ती यादी एन्क्रिप्ट होऊन बसलेली मी बघितलीय.

प्रश्न : कपाटात एलटीओ ५ च्या चाळीस टेप आहेत, २०१३ पासूनच्या. जुना ड्राइव्ह भंगारात गेला, नवीन एलटीओ ८ घेतोय. चालतील ना? ऑडिटर मागतायत. (रत्नागिरी)

उत्तर : नाही चालणार. एलटीओ ७ पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागचं वाचायचे, ८ फक्त ७ आणि ८ च वाचतो. तुम्हाला ५, ६ किंवा ७ चा ड्राइव्ह कुठून तरी मिळवावा लागेल, वापरलेला किंवा भाड्याने. ऑर्डर थांबवता येत असेल तर आजच थांबवा. आणि ड्राइव्ह शोधायच्या आधी त्या टेप कुठल्या सॉफ्टवेअरने, कुठल्या व्हर्जनने लिहिल्या आणि एन्क्रिप्शनची की कोणाकडे होती हे शोधा, तेव्हाचा माणूस रिटायर झाला असेल तर घरी जाऊन चहा पीत विचारा. कंपनी कायद्याखाली हिशेबाच्या वह्या आठ वर्षं ठेवायच्या असतात, म्हणजे २०१३ च्या टेपसाठी कदाचित घाम गाळायची गरजच नसेल, ऑडिटरला नेमकी कुठली वर्षं हवीत ते लेखी घ्या. कोकणातल्या दमट हवेत कपाटात राहिल्यात, त्यामुळे ड्राइव्ह आला की टेप एक दिवस एसीच्या खोलीत उभ्या ठेवा, मग सगळ्यात बिनमहत्त्वाची टेप पहिली लावा.