खलबतात ‘खल’ नाही

एका वाचक मंडळाकडून प्रश्न आला आहे. पेशवाईत घडणारी, एक प्रेमप्रकरण आणि त्याभोवतीचे दरबारी डावपेच रंगवणारी कादंबरी मंडळात सगळ्यांनी वाचली आणि प्रत्येकाने अभिप्राय लिहिला. कोणी तिला ‘रोमांचक प्रेमकथा’ म्हटलं, कोणी ‘षडयंत्रांची मालिका’. एका वाचकाने मात्र लेखिकेची चूक काढली. नायक-नायिका रात्री एकांतात भेटतात, त्या भेटीला लेखिकेने ‘दोघांचं खलबत’ म्हटलं आहे. वाचकाचं म्हणणं असं की खलबत म्हणजे दुष्टांची गुप्त मसलत, ‘खल’ आणि ‘बात’ मिळून झालेला शब्द. तो प्रेमिकांना लावणं हा नायिकेचा अपमान आहे. यावरून मंडळात वाद झाला. तर अशा कादंबरीवर लिहिताना कट, कारस्थान, षडयंत्र, खलबत यांपैकी कुठला शब्द कुठे वापरावा?

कट म्हणजे काय ते सांगत बसत नाही. आधी खलबत घेतो, कारण ही ‘खल + बात’ मी व्याख्यानांत ऐकली आहे, गडावर पोरांना माहिती सांगणाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे, आणि दर वेळी संताप आला आहे. शब्दाचे दोन तुकडे करून प्रत्येकाला ओळखीचा अर्थ चिकटवणं म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. ‘बात’मधला ‘आ’ कुठे गळाला, हे या मंडळींनी आधी सांगावं.

मूळ शब्द अरबी, ‘खलवत’. तो फारसीतून आपल्याकडे आला. त्याच्या धातूचा अर्थ रिकामं असणं, मोकळं असणं. घरमालक भाडेकरूला ‘जागा खाली कर’ म्हणतो, तो ‘खाली’ याच धातूचा. तबल्यात समेच्या समोर येते ती ‘खाली’ही तीच. (‘माळ्यावरून खाली उतर’ मधला खाली वेगळा, त्याचा इथे संबंध नाही.) म्हणजे खलबत आणि तबल्याची खाली ही सख्खी भावंडं आहेत! जिथे दुसरं कोणी नाही अशी जागा, अशी स्थिती, अर्थात एकांत, एवढंच खलबताचं मूळ. त्यात ना दुष्टावा, ना बोलणं.

‘व’चा ‘ब’ कसा झाला, अशी शंका कोणी काढेल. मराठीची ही सवयच आहे. जवाबचा आपण जबाब केला, नवाबचा नबाब केला, तसंच खलवतचं खलबत. शेवटचा ‘त’ही दौलत, मसलत, हिकमत, अदालत या रांगेतला. शब्दातलं प्रत्येक अक्षर असं जागेवर बसत असताना खलपुरुषांना बोलावण्याची गरजच काय?

आता एकांतात माणसं काय करतात ते पाहा, म्हणजे शब्दाचा सगळा प्रवास कळतो. सुफी एकांतात बसून ईश्वराचं नामस्मरण करतो; त्याची खलवत म्हणजे साधना. सुफींच्या नक्शबंदी परंपरेत ‘खलवत दर अंजुमन’ असं एक सूत्र आहे, म्हणजे चारचौघांत असतानाही आतून एकटं असणं. औरंगाबादच्या पाणचक्कीपाशी ज्यांची दर्गा आहे ते बाबा शाह मुसाफिर याच नक्शबंदी परंपरेतले, तेव्हा हे काही दूरदेशीचं नाही. दुसरीकडे मुसलमानांच्या हनफी पंथाच्या कायद्यात ‘खलवत-ए-सहीहा’ म्हणजे नवरा-बायकोचा निर्वेध एकांत, आणि तो झाला की बायकोला पूर्ण मेहरचा, म्हणजे लग्नात नवऱ्याने कबूल केलेल्या रकमेचा, हक्क पोचतो. फारसी-उर्दू गझलेत खलवत हे प्रेमिकांचं हक्काचं ठिकाण आहे. आणि तिसरा एकांत राजाचा. राजाला भर दरबारात बोलता येत नाही ते तो आतल्या दालनात निवडक माणसांशी बोलतो. रायगडावर राजवाड्याशेजारी तळघर आहे, ज्याला कोणी रत्नशाळा म्हणतात, कोणी खलबतखाना. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात तर ‘खिलवत मुबारक’ हे निजामाच्या दरबाराचंच दालन आहे. एकांताचं नाव घेतलेली जागा तिथे झुंबरांचा भव्य दिवाणखाना होऊन बसली.

भक्ती, प्रीती आणि राजनीती, तिघींना दार बंद लागतं. अरबी-फारसीने तिघींना एकच शब्द दिला, मराठीने त्यातली फक्त राजनीती ठेवली. मला यात त्या कादंबरीच्या लेखिकेची चूक तर दिसत नाहीच, उलट तिचा कान किती तयार आहे ते दिसतं. प्रेम आणि डावपेच एकाच कथेत गुंफायचे, आणि दोन्हींना एकाच वेळी स्पर्श करणारा शब्द नेमका त्या रात्रीच्या भेटीला द्यायचा! पेशव्यांच्या पदरी फारसीनवीस असत. तिथल्या माणसाच्या कानाला खलवतचा एकांत परका नव्हता. अपमान झाला असेल तर तो शब्दाचा, आणि तो अभिप्राय लिहिणाऱ्याने केला आहे.

मग आजच्या मराठीत खलबताला कुजकट वास का येतो? माझं मत सांगतो, आणि ते बराच विचार करून बनलेलं आहे. शब्द आला तेव्हा आपल्याकडे दोन ‘खल’ आधीच होते. एक संस्कृतातला दुष्ट. दुसरा वैद्याचा, ज्यात मात्रा उगाळतात. या दुसऱ्यावरून ‘चर्चेचा खल करणे’ हा प्रयोग आला. घोटून घोटून बोलणं. एकांत या अर्थाच्या खलबताला माझ्या मते आधी या खलाने ओढलं आणि त्यातून ‘पुष्कळ वेळ चाललेली बंद दाराआडची चर्चा’ हा अर्थ पक्का झाला. म्हणून तर आज आपण एकवचनी खलबत फारसं म्हणतच नाही, ‘खलबतं चालली आहेत’ असं अनेकवचनात म्हणतो. एकांत एकच असतो, बोलणी पुष्कळ होतात. दुष्ट खल नंतर येऊन चिकटला, आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांनी त्याला खतपाणी घातलं. आपली ऐतिहासिक कादंबरी १८७१च्या ‘मोचनगड’पासून धरली, तर दीडशे वर्षं होऊन गेली. या काळात बहुतेक वाचकांची खलबताशी ओळख झाली ती पत्रांतून किंवा बखरींतून नव्हे, कादंबऱ्यांतून, आणि तिथे तो बहुधा खलनायकाच्या प्रवेशाला वापरलेला असतो.

शुद्धिवादी म्हणतील की असा परका शब्द हवाच कशाला, ‘गुप्तमंत्रणा’ म्हणा. हे मला मुळीच मान्य नाही. ज्या माधवराव पटवर्धनांनी १९२५ साली फारशी-मराठी कोश सिद्ध केला, त्यांनीच पुढे भाषाशुद्धीचा झेंडा खांद्यावर घ्यावा, याचं मला आजही वाईट वाटतं. कोशासाठी त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. पण गुप्तमंत्रणेत ना बंद दार आहे, ना एकांत, ना प्रेमिक. शब्द हद्दपार केला की त्याच्याबरोबर त्याचे सगळे सोयरे जातात.

कारस्थानाबद्दलही एक सांगायलाच हवं. त्यातलं ‘स्थान’ मला संस्कृत वाटत नाही. फारसीत ‘कारिस्तान’ आहे, मोठं काम, पराक्रम अशा अर्थाचा. आपण हिंदुस्तानचं हिंदुस्थान केलं, तसंच कारिस्तानचं कारस्थान झालं असणार. आणि मूळ अर्थ थोरवीचाच, याला इतिहासाची साक्ष आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, राघोबादादा गादीवर आले, आणि नाना फडणीस, सखारामबापू बोकील वगैरे मंडळींनी एकजुटीने ती गादी नारायणरावांच्या पुढच्या वर्षी जन्मलेल्या मुलाला, सवाई माधवरावांना मिळवून दिली. याला इतिहास म्हणतो ‘बारभाईंचं कारस्थान’. यात निंदा कुठे आहे? समर्थांनी ‘मुख्य हरिकथा निरूपण। दुसरें तें राजकारण’ असं म्हटलं, तेव्हा राजकारण हा शब्द जसा डागाळलेला नव्हता, तसंच हे.

म्हणून पेशवाईवरच्या कादंबरीत धोरणी माणूस करतो ते कारस्थान, राजा किंवा मुत्सद्दी दार लावून बोलतात ते खलबत, जिवावर उठलेले लोक करतात तो कट, आणि आपल्याच माणसाने शत्रूला मिळणं म्हणजे फितुरी. (फितूर मुळात अरबी ‘फुतूर’, म्हणजे सैलपणा, ढिलेपणा; निष्ठा ढिली पडली की फितुरी. काय सुंदर शब्द आहे!) इतके शब्द घरात असताना षड्यंत्र कशाला आणता? ज्यांना आणायचंच असेल त्यांनी निदान ‘ड’चा पाय मोडून लिहावं: षड्यंत्र. ‘षडयंत्र’ हे चूक आहे, छापील पुस्तकाच्या मलपृष्ठावर असलं तरी चूकच. त्यातली सहा यंत्रं कोणती हे तंत्रमार्गातल्या वशीकरण, स्तंभन, उच्चाटन, मारण वगैरे षट्कर्मांवरून सांगतात. ते पटण्याजोगं आहे, पण पेशवाईतल्या पात्राच्या तोंडी हा शब्द घातला की ते पात्र आजचं वाटू लागतं.

राहिलं ‘रोमांचक प्रेमकथा’. रोमांस आणि रोमांच यांचं काही नातं नाही. पहिला रोमन लोकांच्या नावावरून, म्हणजे लॅटिनच्या पोटी जन्मलेल्या लोकभाषांतल्या कथांवरून आला. दुसऱ्यात अंगावरचे रोम उभे राहतात. मात्र आपल्या नाट्यशास्त्राने रोमांच हा आठ सात्त्विक भावांत धरला आहे, आणि तो भीतीने येतो तसा प्रियाच्या स्पर्शानेही येतो. तेव्हा ज्या वाचकाला ती भेट वाचताना खरोखर काटा आला असेल, त्याने खुशाल रोमांचक लिहावं. ‘रोमँटिक’चं भाषांतर म्हणून लिहिलं असेल, तर ते खोडून ‘शृंगारिक’ करावं.

आणि हो, खलबत नपुंसकलिंगी: ते खलबत, ती खलबतं. ‘खलबत्तखाना’ असं जिथे कुठे लिहिलं असेल तिथला एक ‘त’ काढून टाका. खल आणि बत्ता स्वयंपाकघरात असतात.