खाड्याचे पैसे कोण देणार? (वाचकांचे प्रश्न, सिडनीहून उत्तरं)

मागच्या महिन्यात मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की सिडनीत कुणी रग्बी म्हणालं की आधी विचारायचं, कोणतं? तेवढ्यावरून इतके मेसेज आलेत की या वेळी व्हिसा, शाळा-प्रवेश आणि कुकरची शिट्टी कस्टम्समधून कशी आणावी हे सगळं बाजूला ठेवलंय. फक्त रग्बी.

प्रश्न : मुलाकडे सिडनीला येऊन दोन महिने झाले. टीव्हीवर एका दिवशी रग्बीत 15-15 जण असतात, दुसऱ्या दिवशी 13-13. मी नातवाला म्हटलं, दोन-दोन जण आजारी आहेत का रे? तर तो हसत सुटला, म्हणे आबा हा खेळच वेगळा आहे. चेंडू तोच, पाडापाडी तीच, मग दोन खेळ कशाला? (एक आजोबा, मूळ पुणे)

काका, तुमचा प्रश्न एकदम रास्त आहे, इथे येऊन मला स्वतःला हे कळायला तीन हिवाळे लागले. 15 वालं ते युनियन, 13 वालं ते लीग. युनियनमध्ये माणूस पाडला की त्याच्यावर दोन्हीकडचे येऊन पडतात आणि ढिगाऱ्यातून चेंडू ओढायची झोंबाझोंबी चालते, तो ज्याने ओढला त्याचा. लीगमध्ये ढिगारा नाही. पाडला, की उठायचं, चेंडू पायाने मागे ढकलायचा आणि पुन्हा पळायचं, समोरचे तोवर 10 मीटर मागे जातात. असं सहा वेळा पाडलं गेलं की चेंडू समोरच्यांना, म्हणून लीगवाले मोजत बसतात, चार, पाच, आता लाथ मारतील बघ. ट्रायचे, म्हणजे रेषेपलीकडे चेंडू टेकवण्याचे, युनियनमध्ये 5 गुण आणि लीगमध्ये 4.

पण काका, नियम वेगळे झाले म्हणून दोन खेळ झाले असं नाहीये, उलटं आहे. आधी भांडण झालं, चूल वेगळी झाली, मग प्रत्येकाने आपापल्या चुलीवर हळूहळू वेगळा स्वयंपाक केला. आणि ते भांडण होतं खाड्याचं.

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशर, लँकशरचे खेळाडू म्हणजे गिरणीत आणि खाणीत काम करणारी माणसं. शनिवारी मॅच, आणि शनिवारी अर्धा दिवस कामही असायचं, म्हणजे खेळायला गेलं की खाडा आणि खाडा पडला की पगार कापला. त्यांचे क्लब म्हणाले, बाबांनो निदान खाड्याचे तरी पैसे द्या, दिवसाला 6 शिलिंग. लंडनकडची सुखवस्तू घरची मंडळी म्हणाली छे छे, खेळ हौसेसाठी असतो, पैसे घेतले की तो बाटला. आता ज्याच्या घरी दूधदुभतं आहे त्याला हौस परवडते हो! शेवटी 29 ऑगस्ट 1895 ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि वेगळे झाले. आपल्या गिरणगावात कबड्डी खेळणाऱ्यांना हे समजावून सांगावंच लागणार नाही.

सिडनीत तेच नाटक बारा वर्षांनी झालं. 1907 मध्ये अ‍ॅलेक बर्डन नावाच्या खेळाडूला दौऱ्यावर जबर दुखापत झाली, कामावर जाता येईना, आणि युनियनने हात वर केले. हे सगळं कुठे शिजत होतं माहितीये? व्हिक्टर ट्रम्परच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात. हो काका, तोच ट्रम्पर, क्रिकेटवाला! बॅटी आणि ग्लोव्ह्जच्या मागे बसून ही मंडळी नवी संघटना काढायचं ठरवत होती. 8 ऑगस्ट 1907 ला बेटमन्स क्रिस्टल हॉटेलात सभा झाली, ट्रम्पर खजिनदार झाला, आणि त्यांनी त्या काळातला सगळ्यात लाडका युनियन खेळाडू डॅली मेसेंजर फोडला. तो आला तशी माणसं आली. 1908 पासून लीगची स्पर्धा सुरू झाली आणि पहिलं विजेतेपद साउथ सिडनीने नेलं.

त्याच वर्षी युनियनच्या वॉलाबीजनी, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघाने, लंडनला ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, आणि घरी आल्यावर 1909 मध्ये त्यातले चौदा जण उठून लीगमध्ये गेले, ऑलिंपिकमधला कॅप्टन ख्रिस मॅकिव्हॅटसुद्धा. मग पहिलं महायुद्ध आलं, युनियनने स्पर्धा बंद ठेवल्या कारण तरुण सैन्यात जाणार, लीगने चालू ठेवल्या. लीगला लोकांनी देशद्रोही वगैरे म्हणून घेतलं पण शनिवारी जायला मैदान एकच उघडं होतं. क्वीन्सलँडमध्ये तर युद्धानंतरही युनियन जवळपास दहा वर्षं उभं राहिलं नाही. तिथून जो वाडा वाटला गेला तो गेलाच.

तुमच्या नातवाला एवढंच सांगा की दोन जण आजारी नाहीत, लीगवाल्यांनी 1906-07 च्या सुमाराला खेळ मोकळा व्हावा म्हणून दोन माणसं काढली.

प्रश्न : मेलबर्नहून बदली होऊन ब्रिस्बेनला आलेय. तिकडे "फूटी" म्हटलं की वेगळाच खेळ, इथे वेगळाच. ऑफिसात परवा एकाने विचारलं तू मरून की ब्लू, मी म्हटलं मला पिस्ता आवडतो. सगळे गप्प. (एक नवी ब्रिस्बेनकर)

पिस्ता! अगं बाई, ते साडीचे रंग नव्हते.

मेलबर्नची फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स, तो लंबगोल मैदानावरचा तिसराच भाऊ. इयान टर्नर नावाच्या इतिहासाच्या प्राध्यापकाने 1978 मध्ये नकाशावर एक रेघ कल्पिली होती, बरासी लाइन, तिच्या एका बाजूला रूल्स आणि दुसऱ्या बाजूला रग्बी. तू ती रेघ ओलांडलीस. ब्रिस्बेनला फूटी म्हणजे लीग, आणि मरून म्हणजे क्वीन्सलँड, ब्लू म्हणजे न्यू साउथ वेल्स, वर्षातून तीन मॅच, स्टेट ऑफ ओरिजिन.

याच्यामागची चीड समजून घे म्हणजे ऑफिसात निभेल. पैसा सिडनीच्या क्लबांकडे, त्यामुळे क्वीन्सलँडचा चांगला पोरगा सिडनीला जायचा आणि राज्याच्या मॅचमध्ये सिडनीकडूनच, म्हणजे आपल्याच गावाविरुद्ध खेळायचा. वर्षानुवर्षं मार खाल्ला त्यांनी. मग ठरलं की जो जिथला त्याने तिथून खेळायचं, आणि 8 जुलै 1980 ला ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर आर्थर बीट्सन कॅप्टन म्हणून उतरला, वय 35, आधी न्यू साउथ वेल्सकडून खेळलेला, क्वीन्सलँडची जर्सी आयुष्यात पहिल्यांदा अंगात. क्वीन्सलँड 20-10 ने जिंकलं. तेव्हापासून त्या रात्री मित्र मित्राचा नाही. तुमच्याकडचे लोक सिडनीकरांना झुरळं म्हणतात आणि सिडनीकर तुम्हाला बेडूक, म्हणजे तो ऊसात सोडलेला केन टोड. त्या दिवशी मरून काहीतरी घाल, पैठणी चालेल.

प्रश्न : आम्ही वेंटवर्थव्हिलला राहतो. मुलगा 11 वर्षांचा. त्याला शाळेत युनियन खेळवतात आणि गल्लीतली, पार्कातली सगळी पोरं लीगची. शाळेत लीगचं नाव काढलं की पोरं नाक मुरडतात आणि पार्कात युनियन म्हटलं की "रा-रा" म्हणून चिडवतात. तो रडकुंडीला आलाय, घरी हे म्हणतात दोन्ही सोड आणि क्रिकेट खेळ. काय करू? (एक आई)

ताई, तुमच्या यजमानांना आधी सांगा की क्रिकेट उन्हाळ्यात असतं, हिवाळ्यात पोरगं घरात बसून स्क्रीन खाणार.

आता मुद्द्याचं. तुम्ही राहता तिथे हा झगडा अगदी दारातच आहे. शेजारच्या पॅरामॅटात किंग्ज स्कूल आहे, 1831 ची, फी ऐकली तर चहा घशात अडकेल, तिथे पिढ्यान् पिढ्या युनियन. आणि त्याच पॅरामॅटाचा लीगचा संघ ईल्स, निळा-पिवळा, 1947 पासूनचा, रिक्षा-टॅक्सीवाल्यापासून नर्सपर्यंत सगळ्यांचा. 1981 ला ईल्सने पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं तेव्हा लोकांनी आनंदाच्या भरात स्वतःचंच कंबरलँड ओव्हलचं स्टँड पेटवून दिलं होतं, विरोधकाचं नाही हो, स्वतःचं! तर "रा-रा" म्हणणं म्हणजे तू त्या फीवाल्या शाळेतला, एवढंच. पोरांना ते कळत नाही, ते आईबापांच्या जेवणाच्या टेबलावरचं उचलून आणतात. युनियनवाल्यांकडे लीगसाठी "मुंगो" असा शब्द आहे, तोही तसाच घरून आलेला.

माझंच सांगते. माझा मुलगा सात वर्षांचा असताना लीग खेळायचा, दर शनिवारी सकाळी गवतावर दव, नाही दव कसलं, पांढरा बर्फाचा थर, पोरांचे बूट करकर वाजतायत, हाफटाइमला आयांनी डब्यातून आणलेल्या संत्र्याच्या फोडी आणि तोंडातलं ते रबरी माउथगार्ड हातात धरून त्या चोखणारी पोरं, कोचच्या शिट्टीला दोरी नाही म्हणून ती बनियनला पिन लावून अडकवलेली. मला वाटलं आता आपल्याला रग्बी कळतं. मग पुढे शाळेत त्याने युनियन घेतलं, आणि पहिल्याच मॅचला मी रेषेपाशी उभी राहून मोठ्यांदा ओरडले, "पाच झाले! आता किक कर!" शेजारच्या स्कार्फवाल्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जसं काही मी सत्यनारायणात मोबाइलवर लावणी लावली. पोरगं घरी येईपर्यंत गाडीत बोललं नाही.

म्हणून सल्ला असा, की त्याला दोन्ही खेळू द्या, अंग झेपत असेल तर. शाळेत युनियन, वीकेंडला पार्कातलं लीग, वेळा जमत असतील तर प्रश्नच नाही, इथे खूप पोरं तसं करतात. पाडायची भीती वाटत असेल तर आधी ऑझटॅग, त्यात पाडायचं नाही, कमरेची पट्टी ओढली की टॅकल झाला, हुतुतूची शहरी आवृत्ती समजा. आणि डोक्याला लागलं तर त्या दिवशी परत मैदानात पाठवायचं नाही, कोच कितीही गोड बोलला तरी, हे दोन्हीकडे सारखं.

चिडवणाऱ्याला द्यायला एक उत्तर आहे. रे प्राइस. आधी वॉलाबी म्हणून युनियन खेळला आणि मग ईल्समध्ये लीगचा देव झाला. पार्कात हे नाव घेतलं की मोठी माणसंसुद्धा वळून बघतील.

प्रश्न : बातमीत वाचलं की ऑस्ट्रेलियात युनियनवाले लीगच्या खेळाडूंना कोट्यवधी देऊन फोडतात. म्हणजे ज्यांनी पैशाला नावं ठेवली तेच? (एक कबड्डीपटू, सांगली)

तेच भावा, तेच. 1995 च्या ऑगस्टपर्यंत युनियन अधिकृतरीत्या हौशी होतं, आणि सोवळं इतकं कडक की एकदा लीगकडून पैसे घेऊन खेळलास की युनियनचं दार आयुष्यभर बंद. नुसतं दार नाही, माणसं नातेवाईकांच्या युनियन क्लबात गेली तरी कुजबुज व्हायची. म्हणजे शंभर वर्षं रहदारी एकाच दिशेने, युनियनकडून लीगकडे. 1995 ला युनियनने सोवळं सोडलं आणि पुढच्या काही वर्षांत लगेच वेंडेल सेलर, मॅट रॉजर्स, लोटे टुकिरी असे लीगचे मोठे मासे उचलले. 2003 च्या वर्ल्डकपच्या फायनलमध्ये ऑस्ट्रेलियाचा ट्राय टुकिरीचा आणि इंग्लंडचा जेसन रॉबिन्सनचा, दोघंही लीगमध्ये तयार झालेले! युनियनच्या सर्वात मोठ्या मॅचमध्ये दोन्ही ट्राय लीगच्या पोरांचे, आणि मग इंग्लंडच्या विल्किन्सनने शेवटच्या क्षणी लाथ मारून 20-17 केलं ते सगळ्यांना आठवतं, हे नाही.

आत्ताचं गाजलेलं नाव जोसेफ सुआली. सिडनीच्या पश्चिमेचं पोरगं, लहानपणी लीग, मग वर सांगितलेल्या त्याच किंग्ज स्कूलमध्ये युनियन, मग 17 व्या वर्षी खास परवानगी काढून लीगच्या रूस्टर्सकडून, आणि मग युनियनने भरभक्कम करार देऊन परत आणला. नोव्हेंबर 2024 मध्ये ट्विकनमला इंग्लंडविरुद्ध उतरला, मोठ्या माणसांचं व्यावसायिक युनियन त्याआधी एकही मॅच खेळलेला नाही, आणि ऑस्ट्रेलिया 42-37 ने जिंकलं. तिकडे त्याच सुमाराला वॉलाबी मार्क नवाकानितवासे उलट्या दिशेने रूस्टर्समध्ये गेला. भाऊबंदकीत जमिनीचे वाद असतात तसं हे चाललंय, एकाने इकडून बांध कोरला की दुसरा तिकडून कोरतो.

पैशात मात्र लीग पुढे आहे, टीव्हीवर आणि गल्लीतही. युनियन 2023 च्या वर्ल्डकपमध्ये साखळीतच बाहेर पडलं, 2024 ला मेलबर्न रेबेल्स हा संघ बंद झाला. माझ्या मते नुसता एखादा सुआली विकत घेऊन हे भरून निघणार नाही, कारण त्यांनी वर्षानुवर्षं ठरावीक शाळांच्या कुंपणाबाहेर बघितलंच नाही, पार्कातली पोरं लीगकडे गेली ती गेली. आता 2027 चा वर्ल्डकप ऑस्ट्रेलियात आहे, तेव्हा बघू.

तुझ्यासारख्याला कुठलं जमेल विचारशील तर लीग. एकट्याने अंगावर जायचं, चार जणांनी धरलं तरी दोन पावलं ओढायची. श्वास मोजायची गरज नाही, टॅकल मोजायचे.

प्रश्न : सून म्हणते कुणी विचारलं तर कुणाचं तरी नाव घ्या हो आई, नाहीतर लोक अर्धा तास समजावत बसतात. कुणाचं घेऊ? (एक आजी, वेस्टमीड)

आजी, वेस्टमीडला आहात ना, बेधडक पॅरामॅटा ईल्स म्हणा. 1986 नंतर एकदाही विजेतेपद जिंकलेले नाहीत, त्यामुळे कुणी जळत नाही, उलट "तुम्ही पण का" म्हणून बसायला खुर्ची देतात.