अठरा मतं आणि मामाचं घर

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वकिलीची सनद हातात आली, आता निवडणूक लढवायची म्हणतोस. घरच्यांचा मात्र पत्रात एका शब्दानं उल्लेख नाही. म्हणून तुला पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेल्या डेव्हिड लॉईड जॉर्जच्या घराविषयी लिहितोय.

१८६४ साली वडील वारले तेव्हा डेव्हिड दीड वर्षाचाही नव्हता. आई मुलांना घेऊन वेल्समधल्या लानिस्टमडुई गावी आपल्या भावाकडे आली. हा मामा, रिचर्ड लॉईड, जोडे शिवायचा आणि चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात, एक पैसा न घेता प्रवचन करायचा. वकिलीच्या परीक्षेला भाच्याला फ्रेंच हवी होती. गावात शिकवणार कोण? मामा व्याकरण आणि शब्दकोश घेऊन स्वतः शिकत गेला आणि भाच्याला शिकवत गेला. दाभण धरून राठ झालेली ती बोटं शब्दकोशाची पानं उलटताना डोळ्यांसमोर आण. मला तरी भाच्याच्या सगळ्या भाषणांहून हा मामा मोठा वाटतो.

१८८४ मध्ये डेव्हिड वकील झाला. लानव्रॉथनच्या एका खाणकामगाराची शेवटची इच्छा होती, मुलीशेजारी पुरावं आणि विधी आपल्या पंथाचे व्हावेत. पाद्र्यानं दफनभूमीच्या फाटकाला कुलूप घातलं. डेव्हिडनं कायदा पाहिला आणि नातेवाइकांना सांगितलं, फाटक तोडा. खालच्या कोर्टात निकाल विरुद्ध गेला. १८८८च्या डिसेंबरात लंडनच्या अपिलात तो जिंकला. उमेदवारी त्याच्याकडे आली ती अशा कामातून, हे विसरू नकोस.

१८९०च्या एप्रिलमध्ये वेल्समधल्या कार्नार्वन मतदारसंघाची पोटनिवडणूक लागली. समोर त्याच्याच गावचा जमीनदार, एलिस नॅनी. निकाल १९६३ विरुद्ध १९४५. अवघी अठरा मतं!

पण खासदाराला तेव्हा पगार नव्हता. तो १९११ मध्ये सुरू झाला, वर्षाला ४०० पौंड, आणि तोही लॉईड जॉर्ज स्वतः अर्थमंत्री असताना. मधल्या काळात घर कसं चाललं? धाकटा भाऊ विल्यम क्रिकिएथला राहून दोघांची वकिली एकटा ओढत होता. पत्नी मार्गारेटला लंडन आवडत नव्हतं. ती बराच काळ मुलांना घेऊन वेल्समध्येच राहिली. त्या संसाराला पुढे जे तडे गेले, त्यांची सुरुवात मला या दुराव्यात दिसते.

१९१६च्या डिसेंबरात भाचा पंतप्रधान झाला. मामानं ते पाहिलं, आणि तीन महिन्यांच्या आत तो गेला. विल्यम मात्र १०१ वर्षं जगला, वेल्समध्येच, वकील म्हणून.

तुझा धाकटा भाऊ आज दुकानावर बसतो, हे मला ठाऊक आहे. या रविवारी घरी जा. महिन्याचा खर्च किती, कर्जाचा हप्ता कोण भरणार, आईच्या औषधांचं कोण पाहणार, हे त्याच्यासमोर बसून कागदावर मांड. तो काय म्हणाला ते मला कळव. अर्ज भरायचा की नाही, त्यावर मग बोलू.

तुझा,
काका