वाचकांचे प्रश्न : ओपन सोर्सला हातभार

प्रश्न : मला प्रोग्रॅमिंग येत नाही, मराठी मात्र चांगलं आहे. आठवड्याला दोनेक तास मिळतात. ओपन सोर्ससाठी, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरसाठी, काही करता येईल का? (कोल्हापूर)

दोन तास भरपूर झाले. फायरफॉक्स ब्राउझरचं भाषांतर पॉन्टून या संकेतस्थळावर चालतं, लिबरऑफिस या ऑफिसकामाच्या सॉफ्टवेअरचं वेबलेटवर. खातं उघडा, मराठी निवडा आणि पहिल्या दिवशी दहा-पंधरा वाक्यांवर थांबा. पॉन्टूनवर नवख्याचं भाषांतर आधी 'सूचना' म्हणून नोंदलं जातं, मग जाणकार ते तपासून मंजूर करतात. त्यांचा शेरा येण्याआधीच शे-दोनशे वाक्यं उरकलीत, तर एकच चूक तितक्या ठिकाणी निस्तरावी लागेल.

चुका शब्दांपेक्षा चिन्हांत जास्त होतात. मूळ वाक्यात टक्क्याच्या चिन्हाला चिकटून रोमन एस किंवा डी दिसेल. प्रोग्रॅम तिथे ऐनवेळी फाइलचं नाव किंवा आकडा बसवतो. ते अक्षर देवनागरीत लिहिलं की जागा बिघडलीच. दुसरा घोळ क्रमाचा. इंग्रजीत 'अमुक फाइल' आधी आणि 'तमुक फोल्डर' नंतर येतं. मराठीत आपण सहज 'तमुक फोल्डरमध्ये अमुक फाइल कॉपी केली' असं लिहितो. दोन्हीकडे नुसतं टक्का-एस असेल तर नावांची अदलाबदल होते. एक एस आणि एक डी असेल तर सी भाषेतला प्रोग्रॅम कोसळूही शकतो. गेटटेक्स्ट (प्रोग्रॅमला भाषांतर जोडणारं साधन) वापरणाऱ्या सी प्रकल्पांत यावर उपाय आहे : टक्क्यानंतर त्या जागेचा मूळ वाक्यातला क्रमांक, मग डॉलरचं चिन्ह आणि मग अक्षर. क्रमांक दोन्ही जागांना द्या, एकालाच देऊन भागत नाही. अनेकवचनाचा रकानाही रिकामा सोडू नका. '1 फाइल हटवली' आणि '5 फाइली हटवल्या' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

भाषांतराचा कंटाळा आला तर कॉमन व्हॉइस या आवाजाचे नमुने गोळा करणाऱ्या प्रकल्पात मराठी वाक्यं वाचून आवाज द्या, किंवा इतरांची ध्वनिमुद्रणं ऐकून तपासा.

प्रश्न : गिटहबवर (कोड ठेवायचं संकेतस्थळ) कमिट (बदलाची नोंद) करूनही प्रोफाइलवर योगदानाचे हिरवे चौकोन उमटत नाहीत. रोज योगदान दिसायला हवं ना? (पुणे)

बहुधा गिटमध्ये (तुमच्या संगणकावर बदल नोंदवणारं साधन) लिहिलेला ईमेल पत्ता गिटहब खात्याला जोडलेला नसेल. तो खात्यात जोडा, जुने कमिटही मोजले जातील. दुसरं कारण म्हणजे तुम्ही स्वतःच्या फोर्कमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या तुमच्या खात्यातल्या प्रतीत, काम करत असाल. ते मूळ प्रकल्पाच्या मुख्य शाखेत गेल्याशिवाय कमिट म्हणून धरलं जात नाही. आणि रोजचा हट्ट कशाला? 2020 च्या हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरमधल्या ओपन सोर्स उपक्रमात टी-शर्टसाठी चार पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रकल्पात घेण्याची विनंती) भरायच्या म्हणून लोकांनी रीडमीमध्ये (प्रकल्पाची ओळख देणारी फाइल) एखादं विशेषण घालून पाठवायचा सपाटा लावला. शेवटी आयोजकांना महिना सुरू असतानाच नियम बदलावा लागला : जे प्रकल्प स्वतः होकार देतील तेच मोजायचे. चौकोन मोजण्यापेक्षा एकाच प्रकल्पात महिन्याला एक बग नीट सोडवा.

प्रश्न : तीन आठवडे झाले, पुल रिक्वेस्टला उत्तरच नाही. (नाशिक)

आधी स्वतःची बाजू तपासा. आपोआप चालणाऱ्या चाचण्या लाल आहेत का? एडिटरने सगळी फाइल नव्याने सजवून दोन ओळींच्या दुरुस्तीचा तीनशे ओळींचा फरक केलाय का? असला पसारा कोण वाचणार! सजावटीचे बदल काढा, शाखा ताज्या मुख्य शाखेवर रिबेस करा (म्हणजे तुमचे बदल तिच्यावर पुन्हा बसवा) आणि एकच नम्र आठवण द्या. त्यात बग कसा घडवून पाहायचा, हे दोन ओळींत लिहा.

लिनक्स कर्नलला (लिनक्सचा गाभा) पॅच, म्हणजे कोडमधले बदल, ईमेलने जातात. तिथे आठवण द्यायची तर किमान आठवडाभर थांबावं, असं त्यांचं दस्तऐवज सांगतं. नवी आवृत्ती आली की दोन आठवडे मर्ज विंडो, म्हणजे पुढच्या आवृत्तीत नवं काम सामावून घ्यायचा काळ, असते. त्या काळात मेंटेनर (कोड सांभाळणारे) आधीच जमवलेलं काम वर पाठवण्यात गुंतलेले असतात. तेव्हा नवं फीचर धाडू नका, आरसी-1 (पुढच्या आवृत्तीची पहिली चाचणी प्रत) येऊ द्या, मग त्यावर बेतून पाठवा. 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ (हा कोड पाठवायचा हक्क आपल्याला आहे, अशी नावानिशी ग्वाही) नसेल तर पॅच घेतच नाहीत.